८ ऑगस्ट १८४४: जोसेफ स्मिथनंतर गादी कोणाची?

मॉर्मन लोकांचा, म्हणजे जोसेफ स्मिथने अमेरिकेत काढलेल्या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांचा, विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर येऊन थांबतं, सोन्याचे पत्रे आणि अनेक बायका. दोन्ही त्या इतिहासात आहेतच, पण हा पंथ आज जगात का टिकून आहे हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते एक दिवस नीट बघायला हवा. ८ ऑगस्ट १८४४, गुरुवार. गाव नॉवू, राज्य इलिनॉय, मिसिसिपी नदीच्या वळणावर. बरोबर सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या संदेष्ट्याला, जोसेफ स्मिथला, जमावाने गोळ्या घालून मारलं होतं आणि त्याच्या जागी आता कोण, हे ठरवायला हजारो माणसं उघड्यावर जमली होती. हे प्रकरण मला फार जवळचं वाटतं कारण यात चमत्कार कमी आणि माणसं जास्त दिसतात, घाबरलेली, दमलेली, पण घर सोडायला तयार नसलेली माणसं.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जोसेफ स्मिथ १८०५ चा, व्हरमाँटमधल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, पुढे कुटुंब न्यूयॉर्क राज्यात पाल्मायराजवळ आलं. त्या भागात तेव्हा धर्मजागृतीची लाट होती, दर आठवड्याला नवा उपदेशक, नवी सभा, कोणती मंडळी, म्हणजे चर्च, खरी यावरून घराघरात वाद. देवदूताने दाखवलेले सोन्याचे पत्रे आपल्याला टेकडीत मिळाले आणि त्यांचं आपण भाषांतर केलं असं त्याने सांगितलं, ते 'मॉर्मनचं पुस्तक' मार्च १८३० मध्ये छापून आलं. पाच हजार प्रती, छपाईचा खर्च तीन हजार डॉलर, आणि तो भागवायला मार्टिन हॅरिस नावाच्या शेतकऱ्याने आपलं शेत गहाण टाकलं. ६ एप्रिल १८३० ला मंडळीची रीतसर स्थापना झाली. मग ओहायोतलं कर्टलँड, मग मिझुरी, आणि मिझुरीत जे झालं ते भयंकर होतं. १८३८ मध्ये तिथल्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला नाहीतर नामशेष करा असा लेखी हुकूमच काढला, तीनच दिवसांनी हॉन्स मिल नावाच्या वस्तीवर हल्ला होऊन १७ जण मारले गेले, जोसेफने तो हिवाळा तुरुंगात काढला, आणि हजारो माणसं थंडीत पूर्वेकडे चालत निघून इलिनॉयमध्ये आली. तिथे नदीकाठच्या दलदलीच्या जागेवर त्यांनी नॉवू वसवलं आणि चार-पाच वर्षांत ते राज्यातल्या मोठ्या शहरांपैकी एक झालं, स्वतःची सनद, स्वतःचं न्यायालय, स्वतःची फौज.

म्हणजे बघा, १४ वर्षांत चौथं गाव. ही गोष्ट डोक्यात ठेवा.

१८४४ च्या उन्हाळ्यात आतूनच फूट पडली. विल्यम लॉ हा आधी जोसेफचा सल्लागार होता, त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ७ जूनला 'नॉवू एक्स्पॉझिटर' नावाचं वर्तमानपत्र काढलं आणि जोसेफ गुपचूप बहुपत्नीत्व शिकवतो, सगळी सत्ता एका हातात घेतो असं त्यात उघड छापलं. हा आरोप हवेतला नव्हता, बहुपत्नीत्वाचा साक्षात्कार जुलै १८४३ मध्ये लिहून ठेवलेला होता, पण तो आतल्या थोड्याच माणसांना माहीत होता आणि चारचौघांत मात्र नाकारला जात होता. नगर परिषदेने हे वर्तमानपत्र म्हणजे सार्वजनिक उपद्रव आहे असा ठराव केला आणि १० जूनला छापखाना मोडून टाकला. माझं स्पष्ट मत आहे की जोसेफची सगळ्यात मोठी चूक हीच. अमेरिकेत छापखान्याला हात लावला की आजूबाजूचं कोणी तुमच्या बाजूने उभं राहत नाही. आधी दंगलीचा आणि मग राज्यद्रोहाचा आरोप आला, इलिनॉयचा गव्हर्नर फोर्ड याने सुरक्षेची हमी दिली म्हणून जोसेफ आणि त्याचा मोठा भाऊ हायरम कार्थेज गावात हजर झाले, आणि २७ जूनला संध्याकाळी पाचच्या सुमाराला तोंडाला काळं फासलेला जमाव तुरुंगाचा जिना चढून वर आला. हायरम दारापाशीच पडला, जोसेफ खिडकीतून खाली. बरोबरच्या दोन साथीदारांपैकी जॉन टेलर जबर जखमी झाला, विलर्ड रिचर्ड्स जवळजवळ काही न होता वाचला. जोसेफ ३८ वर्षांचा होता.

दोन दिवसांनी नॉवूत अंत्यदर्शनाला प्रचंड गर्दी झाली, पण ज्या शवपेट्या दफनभूमीत नेऊन पुरल्या त्यात वाळूची पोती होती. कोणी मृतदेह उकरून नेईल या भीतीने खरे देह रात्री एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळघरात पुरले. त्या गावाची मनःस्थिती काय होती हे या एका गोष्टीवरून कळतं.

आता मुख्य प्रश्न. वारस कोण? लोक म्हणतात जोसेफने वारस नेमला नाही म्हणून घोळ झाला. मला हे अर्धवट वाटतं. त्याने नेमला नाही असं नाही, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या लोकांना इतके इशारे, आशीर्वाद आणि पदं देऊन ठेवली की प्रत्येकाच्या हातात काही ना काही पुरावा होता. १८३१ च्या एका साक्षात्कारात म्हटलेलं होतं की जोसेफच्या जागी येणारा माणूस जोसेफनेच नेमलेला असेल. १८३४ मध्ये डेव्हिड व्हिटमरला तसा आशीर्वाद दिला, पण तो १८३८ मध्ये मंडळीबाहेर गेला. ऑलिव्हर काउडरी हा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, तोही त्याच वर्षी बाहेर. मग ती जागा हायरमला दिली, आणि हायरम जिवंत असता तर बहुतेक वादच झाला नसता, पण तो भावाबरोबरच गेला. धाकटा भाऊ सॅम्युएल, त्याचंही नाव घेतलं जात होतं, तो ३० जुलैला आजारी पडून वारला. जोसेफचा मोठा मुलगा, तिसरा जोसेफ, त्यालाही वडिलांनी आशीर्वाद दिल्याचं सांगत, पण पोर ११ वर्षांचं. १८३५ च्या साक्षात्कारात बारा प्रेषितांचं, म्हणजे मंडळीतल्या बारा वरिष्ठ पुढाऱ्यांचं, मंडळ हे अध्यक्षमंडळाच्या, म्हणजे जोसेफ आणि त्याचे सल्लागार यांच्या, तोडीचं आहे असं होतं, पण त्याच मजकुरात इतर मंडळांनाही तशीच बरोबरी दिलेली होती. नॉवूचा स्थानिक प्रमुख विल्यम मार्क्स, जोसेफची बायको एमा हिचा कल त्याच्याकडे होता. आणि अध्यक्षमंडळातला एकमेव जिवंत सल्लागार म्हणजे सिडनी रिग्डन.

रिग्डनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण नंतरच्या सांगण्यांत त्याला फार हलकं करून टाकलंय. हा आधी ओहायोतला नावाजलेला उपदेशक, १८३० च्या शेवटी आला आणि आपली मंडळीच्या मंडळी घेऊन आला, कर्टलँडचा पाया त्याच्या लोकांवर उभा राहिला. १८३२ मध्ये जमावाने त्याला आणि जोसेफला रात्री घराबाहेर ओढून अंगाला डांबर आणि पिसं फासली, रिग्डनला पाय धरून गोठलेल्या जमिनीवरून फरफटत नेलं, डोकं आपटत गेलं, त्यानंतर त्याची मनाची स्थिती अधूनमधून बिघडायची. जोसेफने रिग्डनच्या मुलीला मागणी घातली या आरोपावरून १८४२ पासून दोघांचं बिनसलं होतं. ऑक्टोबर १८४३ मध्ये जोसेफने त्याला सल्लागारपदावरून काढायचा प्रयत्न केला तर सभेने मतदान करून त्याला ठेवलं! संदेष्टा म्हणतो काढा आणि लोक म्हणतात राहू द्या. या मंडळीत हात वर करून संमती द्यायची पद्धत सुरुवातीपासून होती आणि ती नुसती शोभेची नव्हती. ८ ऑगस्टला काय झालं ते कळायला हे फार महत्त्वाचं आहे.

तर १८४४ मध्ये जोसेफ अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभा होता, उपाध्यक्षपदाला रिग्डन, आणि बहुतेक प्रेषित त्याच प्रचारासाठी पूर्वेकडच्या राज्यांत पांगलेले होते. रिग्डन पिट्सबर्गला. बारा प्रेषितांचा प्रमुख ब्रिगम यंग, त्याला खात्रीची बातमी मिळाली तेव्हा तो न्यू हॅम्पशरमध्ये होता आणि जुलैचा मध्य उलटत होता. तार नाही, फोन नाही, खून झाला त्याला जवळजवळ तीन आठवडे होऊन गेले. रिग्डन ३ ऑगस्टला नॉवूत पोचला, दुसऱ्या दिवशी रविवारी त्याने प्रवचन करून आपल्याला दर्शन झाल्याचं सांगितलं, मंडळीला पालक हवा आणि तो पालक मी. मार्क्सने ८ तारखेची सभा लावून टाकली. ब्रिगम आणि बरोबरचे प्रेषित ६ तारखेच्या संध्याकाळी होडीतून उतरले. दोन दिवस उशीर झाला असता तर हा लेख वेगळ्याच माणसावर लिहावा लागला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

८ तारखेला सकाळी दहाला सभा सुरू झाली. झाडांच्या राईत बाकं मांडलेली, समोर मंच. पण वारा मंचाच्या दिशेने होता, बोलणाऱ्याचा आवाज मागे पोचेना, म्हणून रिग्डन लोकांच्या पलीकडे जाऊन एका गाडीवर चढला आणि सगळी सभा त्याच्याकडे तोंड करून वळली. तो दीड तास बोलला. बोलणं मोठं पण पसरट, पालक, जोसेफच्या नावाने मंडळी उभी करणं, त्याला झालेलं दर्शन. तो मतदान घेणार तेवढ्यात ब्रिगम मूळ मंचावर उभा राहून बोलायला लागला आणि सगळे लोक बाकांवर परत उलटे वळले. मला हे दृश्य फार आवडतं. हजारो माणसं अक्षरशः एकाकडे पाठ करून दुसऱ्याकडे तोंड करतायत, तेही मतदान व्हायच्या आधी. ब्रिगमने लांबण लावली नाही, दुपारी दोनला पुन्हा जमा एवढंच सांगितलं.

दुपारी ब्रिगमने जे मागितलं ते नीट बघा. मी संदेष्टा आहे असं तो म्हणाला नाही. मला निवडा असंही नाही. त्याचं म्हणणं साधारण असं की जोसेफची जागा कोणी घेऊ शकत नाही, पण सगळे अधिकार त्याने बाराजणांना, म्हणजे बारा प्रेषितांना, देऊन ठेवलेत, तेव्हा मंडळी बाराजणांनी चालवावी, आणि तुम्हाला पालकच हवा असेल तर तसं सांगा. रिग्डनला बोलायची संधी दिली तर तो बोलला नाही, त्याने मंडळीतल्या डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्सला आपल्या वतीने बोलायला सांगितलं आणि फेल्प्स उठून बाराजणांच्याच बाजूने बोलला! मग हात वर झाले. विरोधात जवळजवळ कोणी नाही.

नंतर अनेकांनी सांगितलं की ब्रिगम बोलत असताना त्याचा आवाज आणि चेहरा जोसेफसारखा झाला होता, अशा शंभराहून जास्त आठवणी गोळा झाल्यात. त्या दिवशी किंवा लगेच लिहिलेल्या नोंदींत मात्र हे असं स्पष्ट सापडत नाही, प्रेषित विल्फर्ड वुड्रफने सभेची सविस्तर नोंद ठेवली त्यातही नाही. म्हणून मी त्या लोकांना खोटं म्हणणार नाही. संदेष्टा मारला गेलाय, सहा आठवडे झोप नाही, आणि एक माणूस पहिल्यांदाच ठामपणे बोलतोय, तेव्हा लोकांना काय ऐकू आलं असेल ते आपण इथे बसून ठरवू नये. पण निकालाचं कारण म्हणून मला दुसऱ्या दोन गोष्टी जास्त पटतात.

एक म्हणजे इंग्लंड. १८४० आणि ४१ मध्ये ब्रिगम आणि बरेचसे प्रेषित इंग्लंडमध्ये होते, कापडगिरण्यांच्या गावांमधून त्यांनी हजारो लोकांना बाप्तिस्मा दिला, त्यातले चार हजारांहून जास्त जण पुढे जहाजाने नॉवूला आले. या माणसांनी जोसेफला आधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांना धर्मात आणलं कोणी, जहाजाची सोय केली कोणी, तर बाराजणांनी. त्यांच्यासाठी रिग्डन हा परका माणूस. हे गणित त्या काळच्या भाषणांत कुठे दिसत नाही पण बाकांवर तेच बसलेलं होतं.

दुसरी गोष्ट मंदिर. नॉवूच्या टेकाडावर चुनखडीच्या दगडाचं मंदिर १८४१ पासून बांधत होते, दर दहा दिवसांतला एक दिवस माणसं तिथे फुकट राबायची, तोच त्यांचा दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा दहावा हिस्सा. जोसेफ गेला तेव्हा भिंती अर्ध्या होत्या. मंदिरातले खास विधी, नवराबायको आणि मुलंबाळं मेल्यावरही एकत्र राहतील असं वचन देणारे विधी, जोसेफने थोड्या लोकांना आधीच दिले होते आणि बाकीचे मंदिर पुरं व्हायची वाट बघत होते. जिची पोरं मिझुरीच्या वाटेवर गारठून मेली तिच्यासाठी हे वचन म्हणजे काय असेल याचा विचार करा. रिग्डनला ते विधी पूर्णपणे माहीतच नव्हते, बाराजणांना माहीत होते. सभेनंतर आठवडाभरात बाराजणांनी पत्रक काढून मंदिर पुरं करायचं सांगितलं. जानेवारी १८४५ मध्ये राज्याने नॉवूची सनद रद्द केली, तरी मे १८४५ मध्ये पहाटे वरचा शेवटचा दगड बसवला. सप्टेंबरमध्ये आजूबाजूच्या वस्त्यांवर घरं जाळणं सुरू झालं, गाव सोडावं लागणार हे ठरलं, आणि तरी काम थांबलं नाही. डिसेंबर १८४५ ते फेब्रुवारी १८४६ या दोन महिन्यांत पाच हजारांवर लोकांचे विधी झाले, रात्रंदिवस, आणि ४ फेब्रुवारीपासून लोक बर्फातून नदी ओलांडून पश्चिमेला निघायला लागले. जी इमारत सोडून जायचीय ती आधी पुरी करायची! काही लोकांना हा वेडेपणा वाटतो. मला वाटतं पंथ जगला तो इथेच, कारण प्रत्येकाने त्यात काहीतरी घातलेलं होतं आणि प्रत्येकाला त्यातून काहीतरी मिळालं.

रिग्डनला ८ सप्टेंबर १८४४ ला मंडळीबाहेर काढलं, तो पिट्सबर्गला गेला, वेगळी मंडळी काढली, ती काही वर्षांत विस्कटली.

जेम्स स्ट्रँगची गोष्ट मात्र खरोखर अभ्यास करण्यासारखी आहे. हा विस्कॉन्सिनमधला वकील, फेब्रुवारी १८४४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा मॉर्मन. त्याच्याकडे एक पत्र होतं, तारीख १८ जून १८४४, जोसेफच्या नावाने, त्यात स्ट्रँगला वारस नेमलेलं, वर नॉवूचा टपाल शिक्का. सही छापील वळणाच्या अक्षरांत आहे, जोसेफच्या हातची नाही, अभ्यासक ते पत्र बनावट मानतात. पण तेव्हा लोकांना ते पटलं, कारण स्ट्रँगने एकेक गोष्ट मूळच्या नमुन्याबरहुकूम केली. देवदूताने मला अभिषेक केला, तोही जोसेफ मेला त्याच वेळी. १८४५ मध्ये त्याने साक्षीदारांसमोर टेकडीतून पितळेचे तीन छोटे पत्रे उकरून काढायला लावले आणि भाषांतर केलं. पत्रे, साक्षीदार, देवदूत, भाषांतर, सगळं होतं, आणि यातलं एकही ब्रिगमकडे नव्हतं. पुस्तकासाठी शेत गहाण टाकणारा मार्टिन हॅरिस काही काळ स्ट्रँगकडे गेला, विल्यम मार्क्स गेला, जोसेफचा भाऊ विल्यम गेला. ज्यांना १८३० चा तो पहिला अनुभव पुन्हा हवा होता ते तिकडे ओढले गेले, हे मला अगदी समजू शकतं. पुढे मिशिगन सरोवरातल्या बीव्हर बेटावर त्याने १८५० मध्ये स्वतःचा राज्याभिषेक केला. आधी तो बहुपत्नीत्वाच्या विरोधात होता म्हणून लोक आले होते, मग त्यानेच दुसरं लग्न केलं आणि ती मुलगी पुरुषाच्या कपड्यांत, भाचा म्हणून, त्याच्याबरोबर दौऱ्यावर हिंडली. हे कळल्यावर बरेच जण सोडून गेले. जून १८५६ मध्ये त्याच्याच जुन्या अनुयायांनी त्याला धक्क्यावर गोळ्या घातल्या. तीनेक आठवडे तो जिवंत होता, लोकांनी विचारलं तुमच्यामागे कोण, त्याने कोणाचंच नाव घेतलं नाही. जमावाने बेटावरच्या लोकांना बोटींत घालून हाकलून दिलं. एका माणसावर उभं केलेलं त्याच्याबरोबर गेलं.

ब्रिगमने उलट केलं. साडेतीन वर्षं तो फक्त बाराजणांचा प्रमुख राहिला, जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात लोकांना पोचवल्यावर डिसेंबर १८४७ मध्ये अध्यक्ष झाला. आधी काम, मग पद. १८५२ मध्ये बहुपत्नीत्व उघड जाहीर केलं, त्याचे परिणाम पुढची चाळीस वर्षं भोगले. त्याच वर्षी मिशनरी जगभर पाठवले, त्यात ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस मुंबईत उतरला आणि तिथून पुण्यालाही गेला, हाती फारसं काही लागलं नाही. आणि ब्रिगमनंतर प्रश्न पडू नये म्हणून ज्येष्ठ प्रेषित तोच अध्यक्ष असा पायंडा पडत गेला. तेव्हापासून गादीवरून मोठी फूट नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये रसेल नेल्सन १०१ व्या वर्षी गेले आणि ऑक्टोबरमध्ये डॅलिन ओक्स आले, पुढचा कोण हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

राहिली एमा. तिच्याबद्दल ब्रिगमच्या लोकांनी अनेक वर्षं फार कडू लिहिलं आणि ते मला पटत नाही. नवरा मारला गेला तेव्हा ती गरोदर होती, पोर नोव्हेंबरमध्ये झालं. मृत्युपत्र नाही, घराची मालमत्ता आणि मंडळीची मालमत्ता एकाच नावावर, कर्ज डोक्यावर, आणि मंडळीचे कारभारी येऊन म्हणतात हे आमचं ते आमचं. पोरांना जेवायला काय घालायचं हा तिचा प्रश्न होता. बहुपत्नीत्व तिला कधीच मान्य नव्हतं. ती पश्चिमेला गेली नाही, नॉवूतच राहिली, १८४७ मध्ये दुसरं लग्न केलं, बायबलच्या ज्या हस्तलिखितावर जोसेफने काम केलं होतं ते तिने जपून ठेवलं. १८६० मध्ये ६ एप्रिललाच, तिसरा जोसेफ २७ वर्षांचा असताना, न गेलेल्या लोकांनी उभ्या केलेल्या मंडळीचा अध्यक्ष झाला आणि तिथे १९९६ पर्यंत स्मिथ घराण्यातलेच अध्यक्ष होत राहिले.

जोसेफ आणि हायरमचे देह एमाने पुढे घराजवळ गुपचूप हलवले आणि ती जागा इतकी गुप्त राहिली की नंतर नेमकी कुठे हेच विसरलं गेलं. १९२८ मध्ये धरणामुळे नदीचं पाणी वाढल्यावर नातवाने खणून ते शोधले आणि एमाशेजारी पुरले. मार्च २०२४ मध्ये तिसऱ्या जोसेफच्या त्या मंडळीने, आता तिचं नाव कम्युनिटी ऑफ क्राइस्ट, कर्टलँडचं मंदिर, एमाचं नॉवूतलं मॅन्शन हाऊस आणि ते बायबलचं हस्तलिखित ब्रिगमच्या मंडळीला विकलं, सगळं मिळून जवळपास सव्वाएकोणीस कोटी डॉलरला.